सहा माणसं, पाच रात्री, चार कॅन्यन: एका फॅमिली रोड ट्रिपची पूर्ण केस

आधी केस काय होती ते सांगते. माझा मावसभाऊ डॅलसला असतो, त्याचे आईबाबा म्हणजे माझी मावशी आणि काका नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले, आणि २०२४ चा दसरा झाला की पुढच्या आठवड्यात त्यांना "ते ग्रँड कॅन्यन" दाखवायचंच असं घरात ठरलेलं. मी फिनिक्सला राहते, त्यामुळे नात्यातल्या कुणालाही ॲरिझोना-युटाकडे यायचं झालं की फोन मला येतो. "ताई, पाच रात्री आहेत, सगळं बसव त्यात."

माणसं सहा. भाऊ, वहिनी, त्यांची चौथीतली मुलगी, साडेतीन वर्षांचा मुलगा, मावशी आणि काका. मावशी ६८ ची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, चढताना फार नाही पण उतरताना जास्त. काका ७२ चे, तब्येत टणटणीत पण शुगर आहे, म्हणजे साडेबाराचं जेवण दोनवर गेलं की चिडचिड आणि मग चक्कर. बुधवारी १६ ऑक्टोबरला सकाळी लास व्हेगसला उतरायचं, सोमवारी २१ ला रात्रीच्या फ्लाइटने परत.

भावाने एक्सेल पाठवली. त्यात झायन, ब्राइस, आर्चेस ही नॅशनल पार्क, काऊबॉय सिनेमांतली मॉन्युमेंट व्हॅली, अँटिलोप कॅन्यनची अरुंद कपार, हॉर्सशू बेंड हे नदीचं वळण, ग्रँड कॅन्यन आणि शेवटी काकांच्या खास आग्रहाने तो काचेचा पूल, स्कायवॉक. कागदावर बसत होतं सगळं. फक्त रोज पाच-सहा तास गाडीत, आणि प्रत्येक रात्री नवीन हॉटेल. मी त्याला एवढंच विचारलं की मावशीला पार्किंगपासून व्ह्यू पॉइंटपर्यंत जायला किती वेळ लागतो, परत यायला किती, आणि मधे बाथरूम किती वेळा. तो गप्प. मॅप ज्याला दोन तास म्हणतो त्याला सहा माणसांची मिनीव्हॅन तीन तास घेते, आणि हे तीन तासच खरे धरून प्लॅन करायचा, हे माझं पहिलं आणि जवळजवळ एकमेव म्हणणं. काय बघायचं हा प्रश्नच नसतो ओ, बघायला तिथे महिना पुरणार नाही. काय सोडायचं हे आधी ठरवायचं आणि मग बुकिंगला हात लावायचा.

काय काय कापलं

आर्चेस पहिल्याच झटक्यात गेलं, ते मोआबला, एकदम पूर्वेला, त्याच्यासाठी वेगळी ट्रिप करायची. मॉन्युमेंट व्हॅली कापताना भाऊ कळवळला कारण त्याला तो हायवेवरचा फेमस फोटो काढायचा होता, पण पेज गावाहून तिकडे जाऊन परत ग्रँड कॅन्यनला यायचं म्हणजे एक आख्खा दिवस गाडीत, आणि साडेतीन वर्षांच्या पोराला सिनेमातल्या काऊबॉयचं काही पडलेलं नसतं.

स्कायवॉकवरून मात्र जरा वाद झाला. आपल्याकडून व्हेगसला येणारे बरेच जण "ग्रँड कॅन्यन पाहिलं" म्हणतात तेव्हा ते हे पाहिलेलं असतं, म्हणजे ग्रँड कॅन्यन वेस्ट, जे हुआलापाई या तिथल्या मूळच्या लोकांच्या जमिनीवर आहे, काचेचा पूल २००७ ला सुरू झाला, तिकीट वेगळं, नॅशनल पार्कचा पास चालत नाही कारण ते नॅशनल पार्कच नाही. वाईट आहे असं मी म्हणत नाही, व्हेगसहून एका दिवसात परत यायचं असेल तर जवळ तेच आहे. पण नाशिकहून आलेल्या माणसाला एकदाच दाखवायचं असेल तर साउथ रिम, म्हणजे नॅशनल पार्कमधला कॅन्यनचा दक्षिण काठ. काकांना मी दोन्हीकडचे फोटो शेजारी शेजारी पाठवले, मग त्यांचं त्यांनीच ठरवलं.

नॉर्थ रिमचं नाव वहिनीने काढलं होतं कारण मॅपवर ते कनाब गावापासून जवळ दिसतं, ८० मैल. पण तिथलं लॉज, जेवणबिवण तेव्हा साधारण १५ ऑक्टोबरला बंद व्हायचं, म्हणजे आपण एक दिवस उशिरा. आणि साउथ रिमवर उभं राहून समोर जे दिसतं ते नॉर्थ रिम हवेतून दहाच मैल असलं तरी गाडीने २०० मैलांच्या वर पडतं, त्यामुळे "दोन्ही करू" हा प्रकार नसतोच. आता तर २०२५ च्या जुलैमधे ड्रॅगन ब्राव्हो आगीत नॉर्थ रिमचं जुनं लॉज जळूनच गेलं, त्यामुळे जुने प्लॅन कॉपी करणाऱ्यांनी तिकडचं जरा जपून.

झायनमधलं एंजल्स लँडिंग भावाला स्वतःला करायचं होतं, साखळ्या धरून चढायचं ते. त्याला २०२२ पासून परमिटची लॉटरी आहे, आणि लॉटरी लागली तरी बाकी पाच जण खाली चार-पाच तास काय करणार. तेही गेलं.

उरलं काय तर झायन, ब्राइस, पेजला अँटिलोप आणि हॉर्सशू, आणि ग्रँड कॅन्यनची साउथ रिम. दिवसाला एक मोठी गोष्ट. पूर्ण गोल साधारण ९०० मैल, त्यातला मोठा तुकडा शेवटच्या दिवशी.

मुक्काम कुठे

या केसमधला सगळ्यात कामाचा निर्णय मला विचाराल तर कनाब. एरवी लोक एक रात्र झायनच्या दारातलं स्प्रिंगडेल, एक रात्र ब्राइसच्या दारात, एक रात्र पेज असं करतात, तरुण जोडप्याला ते ठीक आहे. इथे सहा जणांच्या बॅगा, कारसीट, काकांची औषधं, मावशीचा देव्हाऱ्याचा छोटा डबा, हे रोज सकाळी उचलायचं म्हणजे दीड तास गेलाच. कनाब हे युटाच्या दक्षिण टोकाला छोटंसं गाव, झायनचं पूर्वेकडचं गेट तिथून ३० मैल, ब्राइस ७८, पेज ७५. मधोमध बसलंय अगदी. तिथे किचन असलेलं अख्खं घर दोन रात्री घेतलं, स्प्रिंगडेलच्या दोन हॉटेल रूमपेक्षा स्वस्त पडलं, आणि गावात बऱ्यापैकी ग्रोसरी आहे.

तरी पहिली रात्र स्प्रिंगडेललाच, महाग असूनही, हट्टाने. कारण झायनच्या मुख्य कॅन्यनमधे मार्च ते नोव्हेंबरच्या आसपास स्वतःची गाडी नेऊच देत नाहीत, २००० सालापासून शटल आहे, आणि व्हिजिटर सेंटरचं पार्किंग सकाळी लवकरच भरतं. त्यातून ऑक्टोबरच्या मध्यात युटातल्या शाळांना सुट्टी असते, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, आणि आपला झायनचा दिवस नेमका त्यातच येत होता. स्प्रिंगडेलला राहिलं की गाडी हॉटेलवर ठेवायची आणि गावाच्या फुकट शटलने पार्कच्या दारात उतरायचं.

चौथी रात्र पेज. पाचवी तुसायान, म्हणजे साउथ रिमच्या गेटबाहेरचं गाव. भावाला पार्कच्या आत राहायचं होतं आणि एरवी मीही तेच म्हटलं असतं, पण त्या वर्षी पार्कची पाण्याची मुख्य पाइपलाइन ठिकठिकाणी फुटली आणि २९ ऑगस्टपासून, लेबर डेच्या सुट्टीच्या ऐन गर्दीत, आतल्या सगळ्या हॉटेलांचे मुक्काम आठवडाभर बंद ठेवावे लागले. ती लाइन १९६० च्या दशकातली आहे, कॅन्यनच्या आतून साडेबारा मैल येते, वारंवार फुटते. तुसायानला ही अडचण आली नव्हती. म्हातारी माणसं आणि लहान मूल घेऊन जाताना ही रिस्क कशाला.

कुठून सुरुवात

गोल उलटाही फिरता येतो, आधी ग्रँड कॅन्यन आणि शेवटी झायन. मी तसं केलं नाही त्याची दोन कारणं. एक म्हणजे मोठी गोष्ट शेवटी, ग्रँड कॅन्यन पाहून झाल्यावर ब्राइसला नेलं की काका म्हणाले असते "हे जरा लहान आहे". दुसरं कारण दगडांचं. हा सगळा भाग एक प्रचंड जिना आहे, भूगर्भवाले त्याला ग्रँड स्टेअरकेसच म्हणतात. ब्राइसच्या तळाशी जो थर आहे तो झायनच्या माथ्याशी, आणि झायनच्या तळाशी जो थर तो ग्रँड कॅन्यनच्या माथ्यावर. म्हणजे ब्राइसहून ग्रँड कॅन्यनला जाताना तुम्ही काळात खाली खाली उतरत जाता. काका पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, आयुष्य खडी आणि मुरुमात गेलेलं, त्यांना हे फोनवर सांगितल्यावर एक्सेलमधे त्यांचा इंटरेस्ट एकदम वाढला.

त्यांनी लगेच विचारलं की आपला सह्याद्री यात कुठे. तर आपला काळा पत्थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ब्राइसचे ते गुलाबी-केशरी खांब ज्या क्लॅरन थरातून कोरले गेलेत तो त्याच्याहून तरुण, पाचेक कोटींच्या आसपासचा. झायनचे लाल कडे म्हणजे जुनं वाळवंट, वाळूच्या टेकड्या गोठून १८-१९ कोटी वर्षं झाली. ग्रँड कॅन्यनच्या माथ्यावरचा चुनखडक २७ कोटींचा आणि अगदी तळाचा विष्णू शिस्ट हा खडक १७०-१८० कोटींचा. हो, विष्णूच, तिथल्या सुळक्यांना ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशीही नावं आहेत. मावशीला दगडाच्या वयाचं काही नाही पण ही नावं ऐकून ती खूश झाली.

घड्याळ

याच्यावर मी जास्त वेळ घालवला आणि योग्यच केलं. नेवाडा पॅसिफिक टाइमवर, युटा माउंटनवर, आणि मार्च ते नोव्हेंबर बाकीचे घड्याळ तासभर पुढे करतात तसं ॲरिझोना करतच नाही. त्यामुळे ऑक्टोबरमधे व्हेगस आणि पेज एकाच वेळेवर, आणि कनाब एक तास पुढे. त्यात नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या मूळच्या लोकांचा स्वतःचा प्रदेश, ॲरिझोनात असूनही घड्याळ पुढे करतं. अँटिलोप कॅन्यन नवाहोंच्या जमिनीवर, पण टूरवाले पेजच्या म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेवर चालतात. पेजच्या आसपास फोन कधी या टॉवरला चिकटतो कधी त्या, आणि स्क्रीनवरची वेळ आपोआप तासभर इकडेतिकडे होते. लोकांच्या टूर चुकतात यामुळे, पैसे परत मिळत नाहीत.

उपाय साधा. काकांच्या हातात एचएमटीचं चावीचं घड्याळ आहे, ते कुठल्याच टॉवरचं ऐकत नाही. कनाब सोडताना ते ॲरिझोनाच्या वेळेला लावायचं आणि फोनकडे कुणी बघायचंच नाही. काकांना पदच मिळालं, दर अर्ध्या तासाला मागच्या सीटवरून वेळ जाहीर व्हायला लागली.

घड्याळाचा दुसरा भाग सूर्याचा. ऑक्टोबरच्या मध्यात युटाच्या बाजूला सात वाजायला दहा मिनिटं असताना सूर्य जातो, तोच ॲरिझोनाच्या घड्याळात सहाच्याही आधी. म्हणजे ग्रँड कॅन्यनला दुपारी तीनला पोचलात तर हातात तीनही तास नाहीत. आणि अंधार पडल्यावर या रस्त्यांवर गाडी चालवायची नाही हा माझा नियम, कनाबजवळ हरणं येतात, नवाहोंच्या भागात गाईगुरं आणि घोडे कुंपणाशिवाय फिरतात. सगळ्या दिवसांचं वेळापत्रक सूर्यास्तापासून मागे मोजत आणलं.

पास आणि तिकिटं

तिन्ही पार्कांची एंट्री गाडीमागे ३५ डॉलर, म्हणजे १०५, त्यापेक्षा ८० चा वर्षाचा पास बरा. पण इथे घरात चौथीतली मुलगी होती. चौथीच्या मुलांना वर्षभर पार्क फुकट असतात, एक सप्टेंबरपासून, आणि गाडीने आत जायचं तिथे सोबत गाडीतली सगळी फॅमिली. फक्त वेबसाइटवरून मुलीने स्वतः एक छोटीशी ॲक्टिव्हिटी करून व्हाउचर काढायचं आणि कागदावर प्रिंट न्यायचं, फोनवरचं तेव्हा चालत नव्हतं. भावाला हे माहीतच नव्हतं, शाळेने नोटीस पाठवलेली म्हणे, इनबॉक्समधे पडून. पोरीचा तोरा बघण्यासारखा होता, सगळ्यांना मी नेतेय.

हा पास अँटिलोपला नाही चालत आणि हॉर्सशू बेंडच्या पार्किंगलाही नाही, ते पेज गावाचं आहे, दहा डॉलर.

अँटिलोपमधे गाइडशिवाय जाताच येत नाही. दोन भाग, अपर आणि लोअर. लोअरमधे अरुंद लोखंडी जिने, काही जवळजवळ शिडीसारखे, मावशीचा प्रश्नच नव्हता. अपर सपाट असतं असं सगळे सांगतात, आत सपाटच आहे, पण आता ते एकाच दिशेने चालवतात, आल्या वाटेने परत फिरता येत नाही, बाहेर पडून लोखंडी रॅम्प आणि पायऱ्यांवरून चढउतार करत वळसा घालून यावं लागतं. जुनं वाचून गेलेल्या लोकांचे इथे हाल होतात. स्ट्रोलर नाही, पाठीवरची बॅग नाही. आणि दुपारच्या उजेडाच्या वेळची तिकिटं माणशी शंभराच्या वर.

भाऊ म्हणाला सहा तिकिटं काढ, आईला धरून नेऊ. मी म्हटलं आधी तिला विचार तरी. मावशी म्हणाली, "मला मेलीला त्या कपारीत घालून काय करणार, मी बाहेर बसते पोराला घेऊन." आईवडिलांना सगळं दाखवलंच पाहिजे या नादात आपण त्यांना विचारतच नाही. तिकिटं तीन काढली, भाऊ, काका आणि मुलगी. वहिनी, मावशी आणि छोटा तेवढा वेळ ग्लेन कॅन्यन धरणाच्या व्हिजिटर सेंटरला, ७१० फूट उंच धरण, मागे लेक पॉवेलचं निळं पाणी, बसायला जागा, स्वच्छ बाथरूम. वहिनीने खुशीने सोडलं, तिला गर्दीत कोंडल्यासारखं होतं.

पावसाचंही बघितलं होतं. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमधे अचानक पाणी येऊन ११ पर्यटक गेले, पाऊस तिथे नव्हता, कित्येक मैल वरच्या बाजूला पडला होता. जुलै ते सप्टेंबर तिथला मान्सून, ऑक्टोबर बराच सुरक्षित, तरी टूरवाल्यांनी कॅन्सल केलं तर कुरकुर करायची नाही हे घरी बजावून ठेवलं.

खाणं

थोडक्यात: सगळे शाकाहारी, मधे ७०-८० मैल काहीही नाही. इलेक्ट्रिक कुकर, पोहे, उपम्याचं पीठ, मेतकूट, लोणचं, दशम्या, भरपूर दाण्याची चटणी. काकांसाठी गाडीत कायम हाताशी एक डबा. पाणी माणशी दिवसाला चार लिटरच्या हिशोबाने, हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही. मोठी खरेदी सेंट जॉर्जला, व्हेगसहून दोन तासांवर, तिथे सगळं मिळतं, त्यानंतर भाव चढत जातात.

प्रत्यक्षात काय झालं

बुधवार. व्हेगसहून निघाल्यावर हायवे ॲरिझोनाच्या एका कोपऱ्यातून व्हर्जिन नदीच्या घळीत शिरतो, अर्ध्या तासाचा तुकडा, दोन्हीकडे उंच कडे. एक्सेलमधे हे नव्हतंच आणि काका म्हणाले इथेच थांबू. वाटेल तिथे थांबता येत नाही, हायवे आहे. संध्याकाळी स्प्रिंगडेल. त्या दिवशी कोजागिरी होती, हॉटेलच्या मायक्रोवेव्हमधे मसाला दूध, बाल्कनीतून लाल कड्यांवर चांदणं. हे जमून आलं, प्लॅन केलेलं नव्हतं, श्रेय मी तरीही घेतलं.

गुरुवार, झायन. सकाळी सातच्या आत रांगेत. गर्दी होतीच, परतताना शटलच्या रांगा बघून भावाने मला फोटो पाठवला. शटलने शेवटच्या स्टॉपला, तिथून रिव्हरसाइड वॉक, जाऊन येऊन २.२ मैल, डांबरी-सिमेंटची वाट, नदीकाठाने, जवळपास सपाट. मावशी पूर्ण चालली. पुढे नदीतूनच चालायचं ते नॅरोज सुरू होतं, भाऊ आणि मुलगी घोटाभर पाण्यात दहा मिनिटं जाऊन आले, पाणी बर्फासारखं. दुपारी लॉजच्या मोठ्या झाडाखाली दशम्या. मग १९३० चा १.१ मैलांचा बोगदा पार करून कनाब. बोगद्यात कड्याला खिडक्या कोरल्यात, गाडी थांबवता येत नाही, पोरांनी ओरडून मोजल्या.

शुक्रवार, ब्राइस, आणि इथे प्लॅन थोडा हलला. ब्राइस खरं तर कॅन्यन नाहीच, पठाराची कड झिजून झालेला खड्डा आहे, आणि उंची ८,००० ते ९,००० फूट. रात्री गोठतं, दिवसा वितळतं, असं वर्षात दोनशेच्या आसपास दिवस चालतं, भेगांतलं पाणी गोठून फुगतं आणि दगड फोडतं, त्यातून ते खांब. आम्ही ठरवलेलं की आधी १८ मैलांच्या रस्त्याने शेवटच्या रेनबो पॉइंटला जायचं आणि परतताना थांबायचं, कारण सगळे पॉइंट पूर्वेला आहेत, येताना ते उजव्या हाताला येतात, वळायचा त्रास नाही. पण रेनबो पॉइंट ९,१०० फुटांवर आणि काकांना तिथे दम लागला, डोकं जड झालं. भावाने बाकीचे पॉइंट सोडून सरळ खाली सनसेट पॉइंटला आणलं, पाणी, खाणं, अर्धा तास बाकावर, ठीक झाले. पूर्वेकडे तोंड असल्यामुळे सकाळचा उजेड तिथे खरा, कनाबहून आल्यामुळे तो हुकला, हे कनाबला राहण्याचं मोल आहे आणि ते मला आधीच मान्य होतं. सनसेट ते सनराइज पॉइंट अर्धा मैल सपाट डांबरी वाट, मावशी-काका तेवढ्यात तासभर रमले. भाऊ आणि मुलगी खाली उतरून क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप करून आले, तीन मैल, वर येताना ६०० फूट चढ. मुलगी पुढे, भाऊ मागे धापा टाकत.

शनिवार, पेज. एचएमटी जिंकलं. टूरच्या आधी भावाचा फोन दोनदा बदलला, काका ठाम. आत गाइडने फोटोसाठी वाळू न उधळता, गर्दीतून वाट काढत व्यवस्थित फिरवलं, काकांनी मात्र फोटोंपेक्षा भिंतीवरच्या थरांवर हात फिरवायचा प्रयत्न केला आणि गाइडचं ऐकून घेतलं. हॉर्सशू बेंडला जाऊन येऊन दीड मैल, आता पक्की वाट आणि हलका उतार, पण सावली जवळजवळ नाही. व्ह्यू पश्चिमेकडे असल्यामुळे सूर्यास्ताला कॅमेऱ्यात नुसता सूर्य येतो, म्हणून दुपारीच नेलं. मावशी अर्ध्या वाटेवरच्या शेडपर्यंत आली आणि तिथेच बसली. कड्याचा बराचसा भाग बिनकठड्याचा, खाली हजार फूट, छोट्याचा हात वहिनीने एक सेकंद सोडला नाही.

रविवारी मी फिनिक्सहून डबे घेऊन निघाले आणि त्यांना पेजहून ग्रँड कॅन्यनच्या वाटेवरच्या कॅमेरॉनला गाठलं. तिथलं ट्रेडिंग पोस्ट १९१६ चं. कालनिर्णयप्रमाणे संकष्टी, मावशी आणि वहिनीचा उपास, त्यांची साबुदाणा खिचडी माझ्या डब्यात. बाकीच्यांनी फ्राय ब्रेड मागवला, बीन्स घालून. काका म्हणाले ही तर आपली जाड पुरी. मग मी त्यांना सांगितलं की हे नवाहोंचं मूळचं अन्न नाही, १८६४ मधे सैन्याने त्यांना त्यांच्या जमिनीवरून शेकडो मैल चालवत नेलं, तिथे रेशनमधे जे पीठ आणि चरबी मिळाली त्यातून हे आलं. काकांनी पुढचा घास जरा सावकाश घेतला.

तिथून पूर्वेच्या गेटने आत, पहिलाच थांबा डेझर्ट व्ह्यू, मेरी कोल्टरने १९३२ मधे बांधलेला ७० फुटी दगडी मनोरा. बहुतेक लोक दक्षिणेच्या गेटने येतात, पार्किंगसाठी तासभर फिरतात. इकडून आलं की कॅन्यन आधी दिसतं, गर्दी नंतर. गेटवरच मावशीच्या गुडघ्यांचं सांगून एक परमिट घेतलं, चालायला त्रास असणाऱ्यांसाठी ते देतात, डॅशबोर्डवर ठेवलं की मार्च ते नोव्हेंबर फक्त शटलला मोकळ्या असलेल्या हर्मिट रोडवर स्वतःची गाडी नेता येते. हे फार कमी आपल्या लोकांना माहीत असतं, मागावं लागतं, कुणी आपणहून सांगत नाही. मावशीने संध्याकाळचे तीन पॉइंट गाडीतून चार पावलं उतरून पाहिले.

त्याआधी काकांना मी ट्रेल ऑफ टाइमवर नेलं. यावापाई म्युझियमपाशी सुरू होते, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, मधे मधे त्या त्या वयाचे दगड मांडलेले. ६६ पावलं मोजून म्हटलं काका, इथे आपला सह्याद्री. त्यांनी मागे वळून बघितलं, पुढे बघितलं, वाट पार वळणाआड गेलेली. "म्हणजे आपण अजून पोरंच," एवढं म्हणून ते पुढे निघाले, मला वाटलं शंभरावर थांबतील, पाचशेपर्यंत गेले आणि मग काठाकाठाने चालणाऱ्या पोरांवर ओरडत परत आले.

सोमवार नुसता रस्ता. विल्यम्स, किंगमन, व्हेगस, २८० मैल. भावाला मधे हूवर धरण घ्यायचं होतं, पण आदल्या रात्री चंद्रोदयानंतर उपास सोडेपर्यंत उशीर झालेला, सकाळी निघायला दहा. धरण रस्त्याच्या बाजूलाच राहिलं. फ्लाइटच्या आधी तीन तास हातात होते, ते गाडी परत करताना आणि कारसीटमधला पोह्यांचा चुरा काढताना गेले.

हाच प्लॅन वापरायचा असेल तर

जुलैत नको. झायन आणि पेज तेव्हा भाजून काढतात आणि मान्सूनमुळे अँटिलोपची खात्री नाही. एप्रिलअखेर-मे किंवा ऑक्टोबर. ब्राइसला एकच रात्र वाढवता आली तर सकाळचा उजेड मिळेल, सहावी रात्र असती तर मी ती तिथेच घातली असती, मॉन्युमेंट व्हॅलीला नाही.

पैशाचा हिशोब मात्र आता बदललाय. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना अकरा मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा लावलेत, त्यात झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन तिन्ही आहेत. बाहेरच्यांसाठी वर्षाचा पास २५० चा, इथल्या रहिवाशांसाठी ८० चाच. नाशिकहून, पुण्याहून आईबाबा येणार असतील तर कुणाच्या नावावर कुठला पास घ्यायचा हे तिकिटं काढायच्या आधीच पार्कच्या साइटवर वाचून ठरवा, आणि प्रत्येकाचं फोटोचं ओळखपत्र गाडीत हाताशी ठेवा, डिकीतल्या मोठ्या बॅगेत नको.